पालकांची उगवणक्षमता

आभाळ आणि शिक्षण खातं या दोघांचं आमच्या वाशीम जिल्ह्यात कधी जमलंच नाही. दोघांची वेळापत्रकं आधी जाहीर होतात, दोघांचीही ऐनवेळी बदलतात आणि दोघांपैकी कोणालाही जाब विचारायची सोय नाही. बाकीच्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते. आमच्या विदर्भात त्या दिवसांत मुलांना घराबाहेर काढणं म्हणजे त्यांना कुरडयांसारखं वाळत घालणं. म्हणून आमच्या शाळा आणखी आठ-पंधरा दिवसांनी उघडतात. २०२५ साली हा मुहूर्त २३ जूनचा निघाला, आणि तोही पहिला आठवडा सकाळच्या शाळेचा. आता २३ जूनला पंचांग उघडून बघा. आर्द्रा नुकत्याच लागलेल्या असतात. म्हणजे ज्या आठवड्यात सरकार हाक मारतं, "पालकहो, शाळेत या," बरोबर त्याच आठवड्यात आभाळ हाक मारतं, "लेकहो, शेतात या!"

या दोन हाकांपैकी शहाणा माणूस कोणत्या हाकेला ओ देईल? सोयाबीनची पेरणी हुकली की अख्खं वर्ष हुकतं. पहिलीतलं पोरगं आठ दिवस हुकलं तर मास्तर स्वतः घरी शोधत येतो. वाफसा असा कोणाच्या घरी शोधत आल्याचं अजून ऐकिवात नाही.

तो शोधत जाणारा मास्तर म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी बत्तीस वर्षं काढली. त्या बत्तीस वर्षांत 'सर्व पालकांनी आवर्जून उपस्थित राहावे' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं, की अजूनही झोपेत माझा उजवा हात ते हवेत गिरवतो, अशी घरातून तक्रार आहे. ही नोटीस मुलांच्या हाती घरी जायची. म्हणजे घरी जायला निघायची. वाटेत नाल्याला पाणी असेल तर तिची होडी व्हायची, पाणी नसेल तर विमान. एखादी घरापर्यंत पोचलीच, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात गूळ-शेंगदाणे बांधून ती शाळेत परत यायची. नोटीस परत आली म्हणजे पोच मिळाली, असं मी धरून चालत असे.

एकदा तिसरीच्या वर्गात मी विचारलं, "पालक म्हणजे काय रे?"

"भाजी!" एक पोरगी म्हणाली.

"ज्याची सही लागते थो!" मागच्या ओळीतून एक पोरगा म्हणाला.

मी दोघांनाही पूर्ण गुण दिले. पहिलं उत्तर शब्दकोशाला धरून होतं, दुसरं खात्याला.

वास्तविक पालकाची सही हीसुद्धा अलीकडची गोष्ट. आमच्या लहानपणी पालकाचं काम फार थोडक्यात आटपे. पोराचं मनगट धरून त्याला शाळेत आणायचं, मास्तरांपुढे उभं करायचं, "हाडं आमची, कातडं तुमचं" एवढं बोलायचं आणि औत जुंपायला निघून जायचं. मग मास्तर त्या पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेऊन बघत. बोटं कानाला लागली तर वय सहा; नाही लागली तर "पुढच्या साली आणा". जन्मतारीख विचारली की बाप सांगे, "थो मोठा पूर नाई का आलता? त्याच्या दुसऱ्या सालचं हाये हे." पुराला तारीख नसल्यामुळे मास्तर आपल्या जबाबदारीवर १ जुलै लिहून टाकत. त्यामुळे आमच्याकडे साठी ओलांडलेल्या ज्याला विचारावं तो १ जुलैलाच जन्मलेला. सरकारलाही ही तारीख इतकी पसंत पडली, की अकोला जिल्ह्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा काढला तो नेमका १ जुलै १९९८ रोजी! जिल्ह्याचं नावही कोणा मास्तरानंच दाखल-खारिज रजिस्टरात घातलं असावं, असा माझा वहीम आहे.

हा झाला पोराला आणून सोडणारा बाप. न आणणाऱ्या बापाचं काय करायचं, हा प्रश्न भल्याभल्यांना पडलेला होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया हा असा इसम होता, की तो घरातून निघाला तर गावभर बातमी व्हायची. पालकांचं लक्ष शाळेकडे वळवण्याचा इतका सरळ उपाय पुढे कोणाला सुचला नाही.

पुढे २००९ साली शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्यानं 'कातडं तुमचं' हा करार कलम १७ खाली रद्द केला, म्हणजे मारायला बंदी केली. पालकाला दंडाऐवजी खुर्ची दिली. प्रत्येक गावच्या शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळा नीट चालते की नाही ते या मंडळींनी बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते विचारायचं. कायदा वाचून माझे तर डोळे पाणावले. मग मी समितीची पहिली सभा बोलावली.

यादीत बायका निम्म्या होत्या. सभेला सगळे पुरुष.

"आपण कोण?" मी एकाला विचारलं.

"मी मेंबर हाये."

"पण यादीत तर बाईंचं नाव आहे."

"थे आमच्या घरचीचं नाव. ते घरीच हाये. सही मी करून देतो ना."

"अहो, पण सही बाईंची लागेल."

"मंग तिचीच करतो की! कुठी करू?"

अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो, आणि पालक व्हायला शाळेत पोरगं असावं लागतं. एका गावी एका गृहस्थांना अध्यक्ष होण्याची एवढी हौस, की त्यांनी तालुक्याच्या कॉन्व्हेंटातून आपलं पोरगं काढून आमच्या शाळेत आणून घातलं. माझी पटसंख्या एकानं वाढली. लोकशाहीचा मला झालेला हा एवढा रोख फायदा.

कॉन्व्हेंट या शब्दाचा आमच्याकडे जोगिणींशी किंवा चर्चशी काही संबंध नाही, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं पाहिजे. ज्या शाळेत टाय आहे ती कॉन्व्हेंट. मागे कोंबड्यांचं शेड असलं तरी चालतं. रोज सकाळी तिची पिवळी गाडी गावात येते आणि आमच्या पटावरची दोन-चार पोरं उचलून नेते. मे महिन्याच्या उन्हात आम्ही मास्तर लोक डोक्याला दुपट्टा बांधून घरोघर पोरं गोळा करत हिंडतो, त्याचं कारण ती गाडी. पट घसरत गेला की शाळेच्या अस्तित्वावरच येतं. गावातली शाळा गेली की गाडीचं भाडं परवडणाऱ्यांची पोरं गाडीत बसतात. न परवडणाऱ्यांच्या पोरी घरी बसतात.

माझा नातू वाशीमला अशाच एका शाळेत जातो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अजून त्याला तिथे बरीच वर्षं काढायची आहेत. त्याच्या प्रवेशाच्या वेळी माझ्या मुलाची आणि सुनेची मुलाखत झाली. आता त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची अशी चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ५० हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून तिथे मुलाखत म्हणत नाहीत, 'इंटरॅक्शन' म्हणतात. दोघंही पास झाले. पोराला कोणी काही विचारलं नाही.

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात 'पावसाळा' या विषयावर प्रकल्प आला. बाहेर पावसाचा थेंब नाही आणि रात्री अकरा वाजता माझा इंजिनिअर मुलगा जमिनीवर पालथा पडून थर्माकोलचे ढग कापतोय. सूनबाई बेडूक रंगवतेय. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'बेडूक नेमका कोणता हिरवा?' यावर एकसारखे निरोप येतायत. आणि ज्याचा हा प्रकल्प, तो आमचा नातू आतल्या खोलीत गाढ झोपलेला! दोन दिवसांनी निकाल लागला. मुलाला 'ए' मिळाला. सुनेला बेडकामुळे 'बी' मिळाला असता, पण ढगांनी सांभाळून घेतलं.

एकूण शहरात पालक इतका जोरात उगवतो, की त्याच्या सावलीत पोराला ऊन लागत नाही. आणि आमच्या खेड्यात पालक उगवतच नाही, अशी खात्याची तक्रार. ती तक्रार दूर करायला खात्यानं प्रवेशोत्सव काढला.

प्रवेशोत्सव म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी पहिलीच्या नव्या पोरांची गावातून मिरवणूक. सजवलेल्या बैलगाडीतून काढावी, असा संकेत. आता आर्द्रा लागल्यावर आमच्या गावात बैल मागायला जाणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला उसना मागण्यासारखं. बैल पेरणीला. ट्रॅक्टर पेरणीला. शेवटी मिरवणूक पायीच निघते. पोरांच्या हाती फुगे, गळ्यात झेंडूच्या माळा. शाळेच्या दारात पायाला कुंकवाचं पाणी लावून 'पहिल्या पावला'चा ठसा कागदावर घेतात. ओली बोटं पायाला लागली की पोरांना वाटतं, आता सुई. एक रडलं की सगळा वर्ग रडतो. त्याच सुरावर पाहुण्यांचं स्वागतगीत होतं. पाहुणे मुलांच्या हाती मोफत पाठ्यपुस्तकं देतात, मुलं ती परत करायला बघतात आणि फोटोत मात्र दोघांनी ती धरलेली असतात. मग भाषण: "पालकांनी शाळेकडे लक्ष दिले पाहिजे." ऐकायला आम्ही मास्तर, अंगणवाडीताई, पारावरचे दोन म्हातारे आणि एक शेळी. ज्यांना हे सांगायचं ते सगळे तिफणीवर.

बाप मिळत नसेल तर आईला बोलवा, ही तोड काही आमच्या खात्याची नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टनला १७ फेब्रुवारी १८९७ रोजी ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन बायकांनी मातांची एक परिषद भरवली. तिला दोन हजारांवर माणसं जमली. आज तिकडे गावोगाव जो पालक-शिक्षक संघ आहे, त्याचं मूळ हे. वॉशिंग्टनहून ही कल्पना वाशीमला पोचायला मध्ये सव्वाशे वर्षं गेली. नावात एवढं साम्य असून टपालाला एवढा वेळ का लागला, कळत नाही.

२०२२ सालापासून आमच्याकडे 'शाळापूर्व तयारी मेळावा' सुरू झाला. करोनाच्या दोन वर्षांत पोरं अंगणवाडीतसुद्धा धड न बसता थेट पहिलीच्या दारात आलेली, त्याचं हे निमित्त. एक मेळावा एप्रिलात, दुसरा शाळा उघडल्यावर. सात टेबलं मांडायची. पहिल्यावर नावनोंदणी; मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी; आणि शेवटच्यावर आईला समजावून सांगायचं, की घरी पोरासोबत काय काय करता येईल. पोराच्या विकासपत्रावर प्रत्येक टेबलाचा शेरा. घरकुलाची फाईलसुद्धा इतकी टेबलं हिंडत नसेल.

पण गंमत अशी, की या मेळाव्याला बायका आल्या. आया आल्या, आज्या आल्या, काखेत धाकटी भावंडं घेऊन आल्या. भाषण नव्हतं, हे त्याचं एक कारण. आपल्या पोराची परीक्षा आहे हे दुसरं. एका टेबलाशी मास्तर म्हणाले, "बाळा, एका पायावर उडी मार." बाळ ढिम्म. आजी मागून ओरडली, "मार ना रे! घरी तं धाब्यावरून मारतं मेलं!" सामाजिक-भावनिक टेबलाशी बाईंनी प्रेमानं विचारलं, "तुला राग आला की तू काय करतोस?" पोरगं गप्प. आई म्हणाली, "गोटा मारते जी." गणनाच्या टेबलावर पाच खडे मांडले की सगळा व्हरांडा एका आवाजात कुजबुजे, "पाच, पाच!" त्या दिवशी आमच्या गावातलं एकही पोरगं कशातही कच्चं निघालं नाही.

भाषेच्या टेबलाची एक गोष्ट मात्र मी विसरत नाही. पोहरादेवी ज्या तालुक्यात आहे त्या मानोरा तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. तिथल्या एका तांड्यावरच्या पोराला आमच्या तरुण मास्तरांनी भाकरीचं चित्र दाखवलं. पोरगं म्हणालं, "बाटी." आईचं चित्र दाखवलं. पोरगं म्हणालं, "याडी." मास्तर नवे, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी शेरा लिहायला घेतला, 'अधिक मदतीची गरज'. पोराची आई शेजारीच उभी होती. ती शांतपणे म्हणाली,

"सर, त्याले येते. तुमाले नाई येत."

सरांनी पेन खाली ठेवलं. पुढे ती बाई कामावर जाण्याआधी रोज सकाळी तासभर पहिलीच्या वर्गात येऊन बसायची. पोरांना मराठी आणि सरांना गोरमाटी, असे दोन वर्ग एकदमच चालायचे. सरांची प्रगती जरा मंद होती, पण हजेरी चांगली.

त्या बाईमुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली. आपण पालकाला शाळेत बोलावतो ते सही करायला, नाहीतर भाषण ऐकायला. सहीला घरचं दुसरं माणूस चालतं आणि भाषणाला शेळी. त्याला जे येतं, आणि आपल्याला येत नाही, असं काम कधी आपण त्याच्यापुढे ठेवलंच नव्हतं. ते ठेवायची संधी मला पावसानं दिली.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. शाळा उघडली तरी आभाळ उघडंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खात्याचं सांगणं. त्यामुळे सगळं गाव ओट्यावर बसून होतं. सोयाबीनचं बियाणं पुष्कळजण घरचंच ठेवतात. ते उगवेल की नाही, हे आधी तपासायची एक सोपी रीत आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, एका ओळीत दहा अशा दहा ओळी. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि पाच-सहा दिवसांनी उलगडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर त्या मानानं एकरी बियाणं वाढवायचं.

शंभर दाणे, दहाच्या दहा ओळी! अहो, गणिताच्या पेटीत आम्ही जो शतकाचा तक्ता ठेवतो, तो याहून वेगळा काय असतो? मी नोटीस लिहिली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्यात 'आवर्जून' नव्हतं. 'आपलं बियाणं घेऊन या. मोजणी शाळेत आहे.'

त्या नोटिशीची एकही होडी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत एवढी माणसं, की मला वाटलं कोणीतरी भांडण घेऊन आलंय. बाप्ये आले, बाया आल्या, प्रत्येकाच्या हातात बियाण्याची पुरचुंडी. पहिलीच्या पोरांनी दहा-दहा दाणे मोजून दिले, दुसरीच्यांनी ओळी मांडल्या, चौथीच्यांनी प्रत्येक गुंडाळीला नावाची चिठ्ठी लावली. व्हरांड्यात ओल्या गोणपाटांच्या गुंडाळ्यांची रांग लागली. पुढचे पाच दिवस गावातला एकेक माणूस 'सहज' म्हणून शाळेत डोकावून जाई. आपल्या गुंडाळीवर पाणी शिंपडलं की नाही, आणि शेजाऱ्याच्या गुंडाळीवर जास्त तर शिंपडलं नाही ना, एवढंच बघायला! येता-जाता आपलं पोरगं वर्गात कुठे बसतं, पाटीवर काय लिहितं, हेही नजरेला पडे.

त्यांत एक म्हातारी होती. मुलगा-सून पुण्याला बांधकामावर, आणि दुसरीतली नात तिच्यापाशी. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून त्या मुलाचं नाव होतं, आणि गेली दोन वर्षं माझ्या सगळ्या नोटिशा त्या नावानं जात होत्या. म्हातारी रोज शाळेवरून शेतात जायची, पण पायरी कधी चढली नव्हती. का विचारलं तर म्हणायची, "मले काय समजते थिसा?" सहाव्या दिवशी गोणपाटं उलगडली. नातीनं आपल्या घरची गुंडाळी मोजली आणि ओरडली, "अडुसष्ट!"

म्हातारीनं स्वतः मोजलं आणि मान हलवली. "नाई व. तीन इसा न आठ."

"अडुसष्ट!"

"तीन इसा न आठ! मी का आज मोजून रायली का?"

दोघी हट्टाला पेटल्या. वर्ग दोन तटांत विभागला. मग चौथीतलं एक पोरगं पुढे आलं, त्यानं फळ्यावर वीस, वीस, वीस आणि आठ मांडले, बेरीज केली आणि सगळा वर्ग हसायला लागला. म्हातारी तोंडाला पदर लावून सगळ्यांत जास्त हसली. आपलं गणित आणि शाळेचं गणित एकच आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि विसाच्या पाढ्याशिवाय विसाचं गणित येतं, हे वर्गाला.

मग ती थोडा वेळ मोडांकडे बघत बसली. बियाणं दोन दाण्यांनी कमी पडलं होतं. थोडं जास्त पेरायला लागणार होतं. तिनं मान वर केली आणि मला विचारलं,

"मास्तर, तुमी शाळेत हे पोट्टे पेरता, यातले शंभराले किती उगवते?"

बत्तीस वर्षांत मला केंद्रप्रमुखांनी प्रश्न विचारले, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी विचारले, आयोगाच्या यादीत वाशीम आकांक्षित जिल्हा म्हणून आल्यावर तर लांबलांबचे साहेब येऊन विचारून गेले. त्या सगळ्यांच्या हातात तक्ता असायचा आणि तक्त्यात रकाने. रकान्यात काहीतरी भरता येतं. म्हातारीच्या हातात तक्ता नव्हता.

मी म्हटलं, "आजी, ते तुम्हीच येऊन मोजा. सोंगणी झाली की या."

सोयाबीनची सोंगणी झाली, दिवाळी तोंडावर आली, आणि म्हातारी खरंच आली. एकटी नव्हे, गल्लीतल्या चार-पाच बाया सोबत. "मोजनी हाये ना आज?" व्हरांड्यात फतकल मारून बसल्या. मी दुसरीतल्या एकेका पोराला पुस्तक देऊन वाचायला उभं केलं. त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, पण पोरगं वाचतंय की अंदाजे बोलतंय, हे त्यांच्या कानाला बरोबर कळायचं. जे न अडखळता वाचेल त्याच्या नावानं म्हातारी पदरातला एक सोयाबीनचा दाणा पुढ्यात टाकी. अडलं की दाणा पदरातच. एकोणीस पोरं झाली. पुढ्यात तेरा दाणे. तिची स्वतःची नात तेरांत नव्हती.

मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "इतले तं होतेच मास्तर. नांग्या भरा ना. कायले हात आखडून बसता?"

शेती ज्यांनी लांबूनच पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. पिकाच्या ओळीत बी न उगवलेली मोकळी जागा म्हणजे नांगी. तिथे शेतकरी कपाळाला हात लावून बसत नाही आणि बियाण्याला शिव्याही देत नाही. वाकतो आणि पुन्हा एक दाणा टोचतो.

त्या सहा पोरांना आम्ही शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसवायला लागलो, आणि बायांनी पाळी लावून कोणी ना कोणी सोबत बसायचं ठरवलं. मी निवृत्त झालो, पण तो वर्ग अजून चालू आहे. खात्याच्या कागदावर त्याला 'उपचारात्मक अध्यापन' असं भारदस्त नाव आहे. त्या नावानं सभा बोलावली तर आजही अंगणवाडीताई आणि शेळीच येईल. गावात मात्र त्याला नांग्या भरणं म्हणतात. "आज नांग्या भराले कोनाची पाळी?" असं संध्याकाळी नळावर कोणीतरी विचारतं, आणि कोणीतरी घागर तशीच ठेवून शाळेकडे निघते.